आत्याची जर्मन गाडी

दुसरं महायुद्ध शिकवायला घेतलं की माझा तास तिसऱ्याच मिनिटाला गाडीवर घसरतो. हुकूमशहा बाजूला, सैन्य बाजूला आणि मी फळ्यावर भुंग्याच्या पाठीसारखी गोल गाडी काढत असते. पोट्टे खूश, कारण यातलं काहीच परीक्षेत येत नाही. एकदा मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसून अख्खा तास ऐकत होत्या. शेवटी त्यांनी इतकंच विचारलं, "मॅडम, युद्ध संपलं कधी?" मी म्हटलं, "कारखाना इंग्रजांच्या हातात गेला तेव्हा." त्या उठून गेल्या.

पण ती गाडी काढणाऱ्या जर्मन कंपनीची गोष्टच तशी आहे, मी काय करू! हुकूमशहाला हुक्की आली की साध्या माणसालाही घेता येईल अशी गाडी हवी, आईबाप आणि तीन लेकरं मावतील एवढी. एका इंजिनिअरनं ती आखली. बिचाऱ्या लोकांनी आठवड्याच्या आठवड्याला पैसे भरून बचतीची तिकिटं घेतली आणि ती चिकटवून वह्या भरल्या. गाड्या मिळाल्या किती जणांना? एकालाही नाही! युद्ध पेटलं आणि कारखान्यात लष्करासाठी गाड्या व्हायला लागल्या, त्याही धरून आणलेल्या मजुरांच्या हातून. एवढा भाग सांगताना मी हसत नाही आणि वर्गालाही हसू देत नाही. मग बॉम्ब पडले, छप्पर उडालं, आणि तिथं आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं एक गाडी हिरवी रंगवून वरिष्ठांपुढे उभी केली. इंग्लंडचे मोठमोठे गाडीवाले येऊन बघून गेले. म्हणे कुरूप आहे, म्हणे आवाज करते, म्हणे कोण घेणार हिला? अन् तीच गाडी भुंगा म्हणून जगभर गेली की हो! मेक्सिकोत तर या शतकातसुद्धा बनत होती. तिच्याच अंगाखांद्यावर त्यांनी डबलरोटीसारखी व्हॅन काढली. पुढे भुंगा सोडवत नाही म्हणून कंपनी बुडायला आली, तेव्हा पुढं इंजिन असलेली, पाण्यानं थंड होणारी चौकोनी गाडी काढून तगली. ती चौकोनी गाडीही मला आवडते, पण बहिणीचा नवरा आवडावा तशी, जरा अंतर ठेवून.

भुंग्याचं इंजिन मागं असतं आणि त्याला पाणी लागत नाही. पंखा मागच्या काचेखालच्या फटींमधून हवा ओढतो आणि त्या हवेवर इंजिन थंड राहतं. वऱ्हाडात मे महिन्यात माणूस पाण्याच्या बाटलीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात जात नाही, आणि इथे आमच्या बाईसाहेब पाण्याचा थेंबही न पिता चालतात! मी तर या एका गोष्टीवरच भाळले होते.

माझा भुंगा अमरावतीच्या एका डॉक्टरांच्या अंगणात चिंचेखाली उभा होता. डॉक्टर गेले, मुलं परदेशी, आणि गाडीत मांजरीचं बाळंतपण सुरू. मी तो ट्रकवर घालून अकोल्याला जठारपेठेत आणला, टिनाच्या शेडखाली ठेवला आणि चार वर्षं त्याच्यामागे लागले. मी एकटी राहते, हौसेनं राहते, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. आमचा मिस्त्री पहिल्या दिवशी रेडिएटर शोधून शोधून दमला आणि घाम पुसत म्हणाला, "बाई, याले पाणी पाजाचं कुठून?" मी म्हटलं, "पाजाचंच नाई." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता हा माझ्या घरच्यांना फोन करतो.

घरचे म्हणजे दादा. माझा मोठा भाऊ जुन्या शहरात राहतो, बोरगावकडे त्याची शेती आहे आणि माझ्या गाडीबद्दल त्याचं एकच मत होतं. भंगार. दिवाळीला आला, भंगार. राखीला आला, भंगार. शेडकडे बघायचा नाही, पण शब्द न चुकता टाकायचा. मी चिडायची, तो हसायचा, वहिनी चहा ठेवायची.

या मे महिन्यात त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. लग्न नवरदेवाकडे, अमरावतीच्या एका हॉलमध्ये, गोरज मुहूर्तावर. अन् आमच्या पोट्टीनं हळदीच्या अंगानं, पन्नास माणसांसमोर जाहीर केलं, "मी आत्याच्याच गाडीत जाईन. नाईतर जातच नाई."

दादा उसळला. "थ्या भंगारात? नव्वद-शंभर किलोमीटर? अवं, वाटेत बंद पडली तर मुहूर्त काय तुह्या जर्मनीतून आणू?"

"नाई पडत बंद!" मी ओरडले.

"अन् पडली तं?"

"पडली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याले देऊन टाकीन! जा!"

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कोणाची तरी मावशी म्हणाली, "माय वं!" मी शब्द देऊन बसले होते आणि शब्द असा की पन्नास साक्षीदार. माझ्या तोंडाला कुलूप असतं तर माझं आयुष्य फार बरं गेलं असतं. त्या दुपारी शेडमध्ये जाऊन मी गाडीच्या टपावर हात ठेवून अक्षरशः माफी मागितली. चार वर्षं जिच्या एकेका नटावर मी जीव लावला, ती एका वाक्यात पणाला लावली होती.

लग्नाच्या दिवशी गाडी दादाच्या दारात नेली. तेल बघितलं, पट्टा बघितला, सगळं ठाकठीक. मी शालू नेसायला आत गेले, तेवढ्यात पोरीबाळींनी गाडीवर झेंडूच्या माळा चढवल्या. बाहेर आले तर दादा समोर नारळ घेऊन उभा. चाकांखाली लिंबं, बँड सुरू, नवरी रडतेही आहे आणि सेल्फीही काढते आहे. "बस, बस, उशीर होऊन राहिला," म्हणत सगळ्यांनी मला ढकलून स्टिअरिंगवर बसवलं. रोज गाडी काढण्याआधी मी मागं जाऊन एक फेरी मारते. त्या दिवशी नाही मारली. आरशात फक्त फुलं दिसत होती, आणि मला वाटलं, वा, काय सजवली आहे!

अहाहा, काय निघालो आम्ही! खिडक्या खाली, गरम वारा, मागं फटफट फटफट तो आवाज, आणि शेजारी नवरी मुंडावळ्या हाताने धरून किंचाळते, "आत्या, अजून जोरात!" ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. बोरगाव मंजूला एका म्हाताऱ्यानं सायकल थांबवून नमस्कार केला, नवरीला की गाडीला देव जाणे. आमच्यामागं दादाची जीप, त्यात वहिनी आणि नवरीला न्यायला आलेले नवरदेवाचे काका. त्यामागं वऱ्हाडी आणि बँडवाले भरलेली बस. मी गाडी चालवत नव्हते, मी नाचत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी जड झाली. आधी वाटलं भास आहे. मग जळका वास आला, आणि तेलाचा लाल दिवा लागला. तो दिवा लागला की विचार करायचा नसतो. मी एका ढाब्यासमोर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

जीप थांबली. दादा उतरला, चेहरा पांढरा. मग घड्याळ पाहिलं आणि चेहरा लाल. "झालं! पाह्यलं ना सगळ्यायनं? पडली बंद!" बसमधून चाळीस माणसं उतरली आणि प्रत्येकाला गाडीतलं कळत होतं. एका मामानं पुढचं झाकण उघडलं आणि आत साड्यांची बॅग बघून किंचाळला, "इंजिनच नाई याच्यात!" दुसरा बादली घेऊन धावला. तापलेल्या इंजिनावर गार पाणी म्हणजे खेळ खलास. मी शालूचा पदर खोचून बादलीला आडवी गेले, आणि ते पाणी सगळं माझ्या अंगावर.

ओल्याचिंब अवस्थेत मी मागं पोचले आणि तिथंच थबकले.

मागच्या काचेखालच्या सगळ्या फटींवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक भलामोठा थर्माकोलचा बोर्ड चिकटपट्टीनं गच्च बसवला होता. हवा जायला सुईएवढी जागा नाही. गाडीचं नाकच दाबून धरलं होतं! मी रागानं तो ओरबाडून काढला आणि "कोण्या गाढवानं" एवढं तोंडातून निघालं तोच वहिनीनं माझा दंड धरला. कानाशी येऊन म्हणाली, "हळू वं. तुह्या भावानं बनोला. पहाटपासून बसला होता कापत. कोणाले हात नाई लावू देला."

मी बोर्डाकडे पाहिलं. नवरीनवरदेवाची नावं सोनेरी चमकीत होती. अन् खाली, त्याच चमकीत, जरा वाकड्या अक्षरात: आमच्या आत्याची जर्मन गाडी.

भंगार म्हणणाऱ्यानं हे लिहिलं होतं. पहाटे उठून, चमकी चिकटवून.

तेवढ्यात नवरदेवाचे काका आलेच. "काय झालं हो? कोणाचं चुकलं?" सगळे माझ्याकडे बघत होते, दादासकट. एक वाक्य बोलले असते तर पैज जिंकले असते, गाडी वाचली असती. अन् माझा भाऊ लेकीच्या लग्नाच्या दिवशी सोयऱ्यांसमोर तोंडघशी पडला असता. मी आयुष्यात राग गिळलेली बाई नाही. त्या दिवशी गिळला. "काही नाही हो, ऊन बाधलं हिला," मी म्हटलं. "माझंच चुकलं, मी तपासलं नाही. अर्ध्या तासात उठते बघा." बोर्ड उलटा करून वहिनीच्या हातात दिला आणि तिनं तो गुपचूप जीपमध्ये ठेवला.

दादा म्हणाला, "पोट्टे, जीपमध्ये बस."

"मी नाई उतरत," नवरी म्हणाली.

अन् मग मला ढाब्याच्या ओसरीत तो दिसला. कूलर! आपला वऱ्हाडी, लोखंडी, दोन माणसं उचलायला लागतील असा, समोर माणूस उडेल एवढा वारा फेकणारा. मी ढाबेवाल्याला म्हटलं, "भाऊ, कूलर द्या. गाडीले गरम होऊन राहिलं." त्यानं डोळे मिटून उघडले. पण नवरी दिसली आणि माणूस विरघळला. त्याच्यासमोर जेवत बसलेल्या ट्रकवाल्यांनी घाम पुसत ताटं उचलली, कूलर ढकलत आणला, वायर जोडली आणि इंजिनासमोर लावला. मी कूलरच्या पाण्याच्या पंपाची पिन काढली, म्हटलं पाणी नको, नुसती हवा. मागचं झाकण उघडं, आत वारा घुमतोय, आणि चाळीस वऱ्हाडी गोल करून असे उभे जणू आतून बाळ बाहेर येणार आहे. बँडवाल्यांना राहवेना, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाडी नाचायला लागले. ट्रकवाले नाचले. नवरदेवाचे काका, जे आतापर्यंत घड्याळाशिवाय कशाकडेही बघत नव्हते, ते रुमाल हलवत मधोमध! मी ओल्या शालूत हसत होते आणि रडतही होते, कारण उद्या माझी गाडी जाणार होती.

पाऊण तासानं चावी फिरवली. फटफट फटफट! असा आरडाओरडा झाला की रस्त्यावरच्या बकऱ्या पळाल्या. बडनेरा, मग अमरावती, आणि मंगलाष्टकांना सात मिनिटं असताना आम्ही हॉलच्या दारात. नवरी उतरली, माझ्या गळ्यात पडली आणि आत गेली. अक्षता पडल्या. दादा त्या गर्दीत एकटाच उभा राहून लहान मुलासारखा रडला. रात्री तीच गाडी चालवत मी अकोल्याला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाऊनमध्येच शेडपाशी स्टुलावर बसले होते. चावी आणि गाडीचे कागद मांडीवर. शब्द म्हणजे शब्द. पण हात कागदांवरून उठत नव्हता, आणि डोळ्यांना धार लागली होती. इतक्यात दादा आला. चहा नको म्हणाला. सरळ गाडीच्या मागं गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि त्या फटींमधून बोट फिरवलं.

"हवा इथूनच घेते काय थे?"

मी चमकले. "वहिनीनं सांगितलं?"

"कोणीच नाई सांगतलं. बोर्ड घरी नेऊन पाह्यला. मागून थर्माकोल वितळलं, बरोबर अशाच रेघा." तो उभा राहिला. "कावून बोल्ली नाई तू?"

"तुझ्या व्याह्यांसमोर बोलू? लेकीच्या लग्नात?"

त्यानं गाडीच्या गोल पाठीवरून हात फिरवला. मी चावी पुढे केली. "घे. पैज हरले मी. बोलाव भंगारवाल्याला."

त्यानं चावी घेतली, खिशात टाकली. "आता गाडी माही. मी कोणाले विकत नाई." मग खिशातून चावी काढून माझ्याच हातात परत ठेवली. "पण मले चालोता नाई येत. तूच चालव."

"कुठं?"

"अमरावतीले. पोट्टीले आणाले."

"अरे दादा, मांडवपरतणी उद्या आहे ना? उद्या आणायचं तिला."

"मले माहीत हाये उद्या हाये." त्यानं दार उघडलं, बाजूच्या सीटवर बसला आणि समोर बघत म्हणाला, "आज नुसतं पाहून येऊ. दारातूनच. घर खायले उठून राहिलं वं."

मी गाऊनवरच गाडी काढली.