अक्काच्या डोक्यावर ठेवलेला हात

माझी अक्का काळी नदीच्या काठावर खुर्चीत बसल्या बसल्या गेली, आणि कितीतरी वेळ ते कोणाला कळलंच नाही.

आज वर्ष झालं.

भेटेल तो मला म्हणतो, "तिला हवं तसं मरण आलं." मी मान हलवतो.
पण मी त्या दिवशी फोन केला असता तर ती वाचली असती का, हे एकच माझ्या डोक्यात फिरतं. कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो. मोबाईलवर बोलून टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. सरकारी शाळेत टीचर होती. मी सातवीत शाळा सोडून वडिलांबरोबर, अप्पांबरोबर, हुबळीच्या कमरीपेठेत ताडपत्र्या शिवायला बसलो. ती शिकत गेली.

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. अक्काने टेन्ट घेतला.

पाठीला सॅक लावून एकटीच बसने जायची. नीरसागरचा तलाव, मलप्रभेचा काठ, दांडेलीकडे काळी नदी. पाण्याकाठी जिथे टेन्ट लावू देतील तिथे दोन-तीन दिवस राहायची. नुसती बसायची.

"काय असतं गं तिथे?" मी विचारायचो.
"आयुष्यभर वर्गातला कलकलाट ऐकला रे. आता जरा पाणी ऐकते."

विकतच्या टेन्टवर माझा विश्वास नव्हता. मी त्याच्या तळाला जाड ताडपत्री शिवून दिली, दुहेरी टाके घालून.
"आता हे उचलायला हमाल पण शिवून दे," म्हणाली. पण प्रत्येक वेळी घेऊन गेली.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत ओढून बघायला येतो.

"अक्का, धरणाचं पाणी सोडलं तर? मगर आली तर?"
"तम्मा, मगरीला दात असतात तशी अक्कलही असते. ही हाडं ती कशाला चावेल?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, ती मला तसंच हाक मारायची.

एकदा मलप्रभेवर असताना चार्जिंग वाचवायला तिने फोन बंद ठेवला. दुपारपर्यंत मी कसाबसा धीर धरला, मग पोलीस स्टेशनला फोन केला.

अक्का ओले केस वाळवत बसली होती. दोन पोलीस मोटरसायकलवरून आले. बाकीच्या टेन्टमधली सगळी माणसं बघायला लागली.
"मन्याग जगळा माडि बंदीरेन्री, अम्मा?" घरात भांडून आलात का?

हुबळीतल्या निम्म्या पोरांना पाढे शिकवलेली बाई ती. सामान बांधून परत आली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हणून पुढच्या वेळी, काळी नदीला निघताना, तिने मला दारात उभं केलं.

"हात ठेव माझ्या डोक्यावर."
"कशाला?"
"ठेव म्हणते ना. रोज सकाळी आठला मीच फोन करीन. आता म्हण, अक्काचा फोन आल्याशिवाय मी फोन करणार नाही. तिला नाही, कॅम्पवाल्याला नाही. पोलिसांना तर नाहीच नाही."
"आणि केला तर?"
"तर मी मरेन. मग बस रडत."

ती हसत होती. मी नाही हसलो. आमच्या आईने शिकवलं होतं, डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ज्याचं डोकं त्याचं वाईट होतं.

पहिल्या दिवशी सकाळी आठला तिचा फोन आला. "आंघोळ झाली, चहा झाला, मगर आलेली नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. नऊ वाजले. फोन नाही.

दहाला मी कॅम्पवाल्याचा नंबर काढला. अंगठा स्क्रीनच्या वर धरून बसलो.

बायको म्हणाली, "करा की फोन. शपथ कसली घेऊन बसलाय, लहान पोरांसारखं!"
मी तिच्यावर ओरडलो. "तिच्या जिवाशी खेळू काय मी?"

हे शब्द माझेच आहेत. तिच्या जिवाला काही होऊ नये म्हणून मी फोन खाली ठेवला.

साडेतीनला फोन आला. कॅम्प बघणारा महादेव बोलत होता.
"अण्णा, टीचर उठत नाहीत."

सकाळपासून ती नदीकडे तोंड करून बसली होती. नेहमीच बसायची. "मला उगाच हाका मारू नका," असं तिनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माणसं मागून जात-येत राहिली. टीचर पाणी बघतायत, असंच सगळ्यांना वाटलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तिचं सामान आणायला गेलो तेव्हा महादेव माझ्याजवळ येऊन बसला. रडत होता बिचारा.
"अण्णा, अकराला मी चहा विचारला होता. त्यांनी वळून बघितलं नाही. आवाज बारीक होता. 'आमेले, महादेवा' म्हणाल्या."

आमेले. म्हणजे नंतर.

म्हणजे अकराला ती होती. बोलत होती. आणि दहाला तिथला नंबर माझ्या हातात होता.

मी फोन केला असता तर महादेव पुढे जाऊन तिचा चेहरा बघून आला असता. दांडेलीत हॉस्पिटल आहे. वाचली असती का? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आता काय सांगणार, काका."

नातेवाईक मला चांगलं म्हणतात. बहिणीला मोकळीक दिलीत, म्हणतात. मी मोकळीक दिली नव्हती. मी घाबरलो होतो.

अक्का, मी शपथ पाळली गं.
तरी तू गेलीस.

हात जोडतो.
तुझा तम्मा.