काजव्याच्या पेशी आणि माजावरची गाय

सर्व नातेवाईक, शेजारी आणि गायी-म्हशींचे मालक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अख्ख्या नगर जिल्ह्यात माणसांपेक्षा माणसांच्या पेशींवर जास्त जीव लावणारी बाई एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. या धक्क्यातून मी लग्नाच्या दिवसापासून सावरतो आहे. त्या दिवशी ताई मंगलाष्टकं संपायच्या आतच मांडवातून नाहीशी झाली. मला वाटलं, जावई पसंत नाही. नंतर कळलं, पेशींच्या वैरणीची वेळ झाली होती.

ताई राहात्याकडच्या दूधवाल्या घरातली. नगरच्या एमआयडीसीत नवी औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची हयात गेली. तिथे ती माणसाच्या यकृताच्या पेशी बाटल्यांत वाढवते. त्यांच्यात तिने काजव्याचा जीन बसवला आहे. औषध नेमक्या जागी पोचलं की पेशी उजळतात. तो उजेड आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. एवढं थोर काम, पण बोली गोठ्याची. पेशींना घालायचं गुलाबी पाणी ती वैरण, आणि न वाढणाऱ्या पेशी भाकड. थुंकी उडून पेशी नासतील म्हणून तिच्या खोलीत कुजबुजायलाही बंदी. घरी पोळपाट स्पिरिटने पुसते. नवा मसाला आणला की आमटी दोन पातेल्यांत, एकीत मसाला, दुसरीत मुळीच नाही. मी एकदा दुसरी भुरकून तोंड वाकडं केलं, तर कपाळावर हात मारून म्हणाली, "दाजी, ती तुलनेसाठी होती! अख्खा प्रयोग प्यायलात की!"

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी ताई दारात उभी. हातात दुधाच्या किटलीएवढं भांडं, त्यातून पांढरी वाफ येतेय. "दाजी, गाडी काढा. टाकी गळाली." ज्या द्रव नायट्रोजनमध्ये तिच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या, तो उडून चालला होता. पुरवठ्याची गाडी परवाशिवाय येणार नव्हती. दिवाळीनंतर ताई निवृत्त होणार होती. त्याआधी या पेशी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींच्या हाती सोपवायच्या, एवढाच तिचा हट्ट उरला होता. आता पेशींच्या सगळ्या कुप्या तिच्या हातातल्या भांड्यात होत्या.

"कुठे जायचं?"

"माहेरी. आमच्या चुलतभावाकडं."

चुलतभाऊ गायींचा डॉक्टर. वळूच्या वीर्याच्या कांड्या तो द्रव नायट्रोजनच्याच कॅनमध्ये ठेवतो, हे मला नगर-मनमाड रस्त्यावरच्या खड्ड्यांमध्ये हप्त्याहप्त्याने समजलं. प्रत्येक खड्ड्याला ताई माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

दवाखान्यासमोर एक म्हातारबा माजावर आलेली गाय धरून उभे होते. ताईने कुप्या कॅनमध्ये सोडायला घेतल्या तसे ते पुढे सरकले.

"ताई, लई भारी वळू दिसतोय. कंचा म्हनायचा?"

"वळू न्हाई बाबा. माणसाच्या लिव्हरच्या पेशी हायेत. त्यात काजवा घातलाय."

म्हातारबांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा गायीकडे, आणि दावं हाताला गुंडाळलं. "डॉक्टर, आमी उद्या येतो. न्हाईतर बैलच बघतो." गाय पुढे, म्हातारबा मागे, धुरळा उडवत दोघं गेले. चुलतभाऊ म्हणाला, "अक्का, माझं गिऱ्हाईक घालवलंस!"

"तुझ्या कांड्यांना शिवले न्हाई मी. लाल टोपणं माझी. हात लावलास तर बघ."

टाकी दुरुस्त झाली, कुप्या परत आल्या. पण वाटेत त्या किती तापल्या, आतल्या पेशी जगल्या की मेल्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईने एक कुपी वितळवून पेशी बाटलीत सोडल्या आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. "गाडी तुम्ही काढलीत, बघायला या. आणि तोंड बंद."

टोपी, मास्क, हातमोजे घालून मी कोपऱ्यात उभा राहिलो. नव्या मुली श्वास धरून होत्या. ताई सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ तिची पाठ तेवढी दिसत होती. या पाठीमागे मी इतकी वर्षं हसत आलो. दिवाळीनंतर ती इथे नसेल, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. मग तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. हातमोजे घातलेली बोटं तिने कानशिलांवर कडाकड मोडली, आणि जिथे कुजबुजायचीही चोरी, त्या खोलीत काचा हादरतील अशा आवाजात ओरडली,

"अगं बाई, समद्या व्याल्या की गं!"