आईचं पहिलं शूटिंग

बुरशी लागलेली व्हिडिओ कॅसेट उघडली की ओल्या पोत्यासारखा वास येतो. बाबांनी रामटेकला वर्षानुवर्षं केलेलं शूटिंग मी आता धरमपेठेतल्या घरी एकटीच बसून साफ करते आणि कॉम्प्युटरवर उतरवते. जत्रा, लग्नं, शाळेचं गॅदरिंग. परवा त्या वासातून गडावरची एक सकाळ वर आली.

गावात व्हिडिओ कॅमेरा तेव्हा नवाच होता. बाबांनी तो खांद्यावर घेऊन पहिल्यांदा आईवर धरला, तर ती फोटोला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली.

"हाल ना वं! फोटो नाही हा. बोल काही."

"मले नाही जमत. काढा तुम्ही."

ओठ न हलवता ती हे बोलली, तशी मी हसून हसून पायरीवरच बसले. "कॅसेट वाया घालवून राहिली तुझी माय," बाबा मला म्हणाले, पण कॅमेरा काही त्यांनी बंद केला नाही.

आता दोघंही नाहीत. एवढ्या कॅसेटांत बाबा कुठेच दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. परवा ती फीत साफ करून लावली, तर चित्र अडकलंय असंच वाटलं. मग आईचा पदर वाऱ्यानं हलला. ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. किंचित बाजूला, कॅमेऱ्याला लागून असलेल्या बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मी खुर्ची तेवढी बाजूला सरकवून पाहिली. तिची नजर काही माझ्यावर आली नाही.