मीठ कुणी घातलं?

मी शिरूरजवळच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. रिपोर्ट असल्याशिवाय एक बोल्ट पुढे सोडत नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही चार-पाच जण पोट धरून हसायचो... तेव्हा आता माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. यात भिण्यासारखं जेवढं आहे त्याहून लाज वाटण्यासारखं जास्त आहे, आणि ती लाज माझी आहे.

आम्ही निमोण्याचे. बायको सुवर्णा (नाव बदललंय), माहेर दौंडचं. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला – दुसऱ्यांदा. शिरूरच्या दवाखान्यात गर्भपिशवी साफ केल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातात झाकणाची एक डबी दिली. म्हणाले, "आजच्या आज लॅबच्या सेंटरला द्या. बाळात काही दोष होता का, तो आईकडून आला की वडिलांकडून, याचा पत्ता लागेल."

सुवर्णा गुंगीतच म्हणाली, "नीट द्या बरं का. का व्हतंय ते तरी कळंल."

सेंटर पाच मिनिटांवर. घरी फोनवर तपासणीचं सांगून गाडीला किक मारली तोच माझ्या आत्याचा फोन. "लेकराची चिरफाड करू नगंस रं. मातीत दे. आपल्यात तसंच असतंय." मी म्हणालो, बघतो. आणि गाडी सेंटरकडे न वळवता निमोण्याला आणली. वाटेत मनाची समजूत काढणं चालू होतं... शेजारच्या इनामगावात खोदकामात हजारो वर्षांपूर्वीची लेकरं मडक्यात घालून घरातच पुरलेली सापडली, म्हणजे ही इथली रीतच, वगैरे. मळ्यातल्या लिंबाखाली खड्डा घेतला. भर दुपार, आसपास चिटपाखरू नाही. पुरलं आणि दवाखान्यात परत गेलो.

आत्यालाही खरं सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळ्यांना एकच – डबी लॅबला दिली. पंधरा दिवसांनी सुवर्णाला म्हणालो, सॅम्पल खराब झालं म्हणतायत, रिपोर्ट येणार नाही.

तिथून तिचं सुरू झालं. "मी कांद्याच्या गोण्या वढल्या म्हणून झालं का हो? का पपई खाल्ली व्हती म्हणून?" मी म्हणायचो, सोड आता. एवढंच. ती फाइल घेऊन नव्या नव्या डॉक्टरांकडे जायची आणि प्रत्येक जण विचारायचा, त्या सॅम्पलचा रिपोर्ट कुठंय? ती माझ्याकडे बघायची आणि मी माझ्या चपलांकडे.

सात महिन्यांनी दौंडच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. ओपीडी खचाखच, भिंतीवर टीव्ही चालू. सुवर्णाचा फोन वाजला. मी तिच्या शेजारीच होतो, रिंग मी माझ्या कानांनी ऐकली. "हो... मीच... न्हाई, मला माहीत न्हाई," असं काहीतरी ती बोलली आणि माझ्याकडे वळली.

"लॅबमधनं बाई व्हत्या. माझं नाव, तारीख, समदं बरोबर सांगितलं. म्हणल्या, सॅम्पल मिळालं पण त्यात मीठ हाय. मिठातलं तपासता येत न्हाई. मीठ कुणी घातलं ते इचारा." तिला रागच आला होता. "अहो, डबीत मीठ कोण घालंल?"

एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही, लिहायला हात धजावला नाही. आमच्याकडे लहान लेकराला माती देताना मीठ घालतात. मीही वाटेत मिठाचा पुडा घेतला होता आणि खड्ड्यात डबी उघडून अख्खा पुडा तिच्यावर रिकामा केला होता. पुड्याची रिकामी पिशवी तिथंच जाळली. हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. तिच्या हातातून फोन घेऊन बघितला. यादीत सकाळी आठचा तिच्या आईचा कॉल, त्यानंतर काहीच नाही. बाहेर जाऊन लॅबला फोन लावला. तिथल्या माणसाने दोनदा शोधलं. या नावाचं सॅम्पल त्यांच्याकडे कधी आलेलंच नव्हतं.

आत आलो आणि तिथंच बाकावर, बायांच्या गर्दीत, तिला सगळं सांगून टाकलं. नंबर आल्यावर ती एकटीच उठली, मी मागोमाग गेलो. मॅडमना तिनेच सांगितलं, "रिपोर्ट न्हाई. ह्यांनी पुरलं." मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आम्हा दोघांच्या रक्ताची तपासणी लिहून दिली.

आणि आता राहिलेलं. आत्याचं निमित्त झालं, रीतीचंही. डॉक्टरांनी 'वडिलांकडून' म्हटलं तेव्हाच मी घाबरलो होतो. दोष माझ्यात निघाला तर? गावात, कंपनीत कुठल्या तोंडाने फिरू? बायकोवर आलं तर चालणार होतं, माझ्यावर नको होतं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले. तिचा नॉर्मल. माझाही नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, "मग बाळाला काय झालं होतं ते त्या डबीतूनच कळलं असतं. आता नाही सांगता येणार."

तो फोन कुणाचा, मला आजही माहीत नाही. तिला भास झाला म्हणावं तर रिंग मी ऐकली, आणि मिठाचं तिला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. मी मात्र त्याचा नाद सोडत नाही. परवा पुन्हा विचारलं, "सुवर्णा, कोण असेल गं ती बाई?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणी का असंना. तिनं इचारलं तरी. तुम्ही सात महिनं शेजारी बसून नुसतं ऐकत व्हता."