दह्याच्या डबीतला डेलिया

लीड्सच्या वीणाताईंना दोन गोष्टींचा मनापासून राग यायचा. एक, लेबल नसलेला डबा. आणि दुसरा, 'बघू' म्हणणारा माणूस. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झालेली, तिथे लेबल नसलेली बाटली म्हणजे महापाप. रिटायर झाल्यावर लॅब सुटली, लेबलं काही सुटली नाहीत. मिठावर 'मीठ', साखरेवर 'साखर' हे एकवेळ समजू, पण नवऱ्याच्या चष्म्याच्या घरावरही 'चष्मा' लिहिलेलं होतं. आणि 'बघू' म्हणणारा माणूस तर त्यांनी रीतसर लग्न करूनच घरात आणला होता. मुरलीधरराव कशालाही नाही म्हणत नसत आणि वेळेवर काही करतही नसत.

त्यांच्या मागच्या बागेत एक लाल डेलिया होता. लाल म्हणजे साधासुधा नव्हे, गर्द, भरगच्च, तळहाताएवढा. गणपतीला लाल फूल हवं, आणि लीड्सच्या हवेत जास्वंद लावणं म्हणजे जास्वंदीचा छळ. वीणाताईंनी दोनदा तो करून पाहिला होता. मग ते काम या डेलियाने अंगावर घेतलं. पंचांग वाचता येत असल्यासारखा तो नेमका भाद्रपदाच्या तोंडावर फुलायचा, आणि आरतीला येणाऱ्या बायका आधी गणपतीला नमस्कार करायच्या नि मग डेलियाचं कौतुक. दुसऱ्याचीच वीणाताई जास्त वाट बघत, असं मुरलीधररावांचं मत होतं.

दरवर्षी थंडी पडली की त्या कंद उकरून, पेपरात गुंडाळून शेडमध्ये ठेवायच्या. मागच्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नाला पुण्याला जाताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, "अहो, फार फ्रॉस्ट आला तर बॉक्स घरात आणा."

"बघू," मुरलीधरराव म्हणाले.

परत आल्यावर वीणाताईंनी पेपर उलगडला, तर कंदाचा नासका बटाटा झालेला. त्या शेडमध्येच उभ्या राहून रडल्या. नंतर आठवडाभर घरात फक्त लेबलं बोलत होती.

पण वीणाताई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. शरद ऋतूत त्यांनी सुकलेल्या फुलांचं बी काढून एका पाकिटात ठेवलं होतं, आणि पाकिटावर अर्थातच 'लाल' लिहिलं होतं. मार्चमध्ये त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये पेरलं.

"काकू, डेलियाचं बी सेम येत नाही हं," अक्षया म्हणाली. ही पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरवाली पोरगी शेजारच्याच गल्लीत राहायची. "मी व्हिडिओ बघितलाय. प्रत्येक सीडलिंग totally वेगळं. कुठलाही कलर येऊ शकतो."

"लोकांचं येत असेल," वीणाताई म्हणाल्या. "खाण तशी माती. लालाच्या पोटी लालच येणार." आणि त्यांनी प्रत्येक डबीवर 'लाल' असं लेबल चिकटवलं. बियांना मत विचारायची लॅबमध्ये पद्धत नव्हती.

रोपं उगवली, आणि उगवली ती सगळीच्या सगळी. पुस्तकात लिहिलं होतं, सशक्त तेवढी ठेवा, किरटी उपटून टाका. वीणाताईंना ते जमेना. स्वतःच्या हाताने पेरलेलं उपटायचं म्हणजे काय! खिडक्या भरल्या, जिना भरला, मुरलीधररावांना आंघोळीला जायचं तर एकेक डबी ओलांडून जावं लागे. शेवटी वीणाताईंना तोड सुचली. अक्षय्य तृतीयेच्या आधी त्यांच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू असायचं. या वर्षी वाण म्हणून प्रत्येकीला एक रोप!

त्या शनिवारी घर बायकांनी भरलं. आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, आणि निवेदिता, मनीषा, अक्षया आणि बाकी सगळ्या जणी एकेक डबी हातात घेऊन वीणाताईंचं भाषण ऐकत होत्या. मे संपेपर्यंत बाहेर ठेवायचं नाही, गोगलगायी सांभाळायच्या, वीतभर झालं की शेंडा खुडायचा, आणि गणपतीत सगळ्यांच्या घरी लाल डेलिया. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात मधुमती उभी होती, हातात वीणाताईंचाच स्टीलचा डबा घेऊन. मधुमती त्यांची लीड्समधली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघी नव्याने इथे आल्या तेव्हा एकाच बसने कामाला जायच्या. तिचा नवरा मोहन गेल्यापासून वीणाताई तिला दर आठवड्याला भाजी-आमटी पोचवायच्या, बँकेत सोबत जायच्या, सगळं करायच्या. फक्त चैत्रात बोलवायच्या नाहीत. जुनं काही त्या मानत नव्हत्या, असं त्याच सांगायच्या. 'पण तिलाच वाईट वाटेल ना, कसं विचारायचं,' असं म्हणून पहिल्या वर्षी राहिलं, आणि मग ते राहतच गेलं.

मधुमतीने दारातल्या चपलांकडे पाहिलं. मग वीणाताईंच्या हातातल्या कुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं. "बिझी दिसतेस. डबा द्यायला आले होते."

 वीणाताई आत पळाल्या. सगळी रोपं वाटून झाली होती. उरलं होतं एकच, सिंकच्या मागे, दोन पानांचं, वाकडं, ज्याला लेबल लावायचेही श्रम त्यांनी घेतले नव्हते. तेच त्यांनी आणून मधुमतीच्या हातात कोंबलं.

"हे वाण आहे का गं?" मधुमतीने विचारलं.

"छे, असंच," वीणाताई घाईने म्हणाल्या. "असंच घेऊन जा."

"असंच," मधुमती म्हणाली, आणि डबी घेऊन गेली.

जुलै संपता संपता बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागले. निवेदिताचा डेलिया पिवळाधम्मक. मनीषाचा पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे. अक्षयाचा भगवा, आणि खाली 'काकू, told you' असं लिहून तीन हसरे चेहरे. वीणाताईंनी स्वतःसाठी निवडून ठेवलेली तिन्ही धष्टपुष्ट रोपं छातीएवढी वाढली आणि त्यांना फुलं आली ती रंग गेलेल्या टॉवेलसारखी फिकट जांभळी. मुरलीधरराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन बागेत जायचे, 'लाल' लिहिलेल्या पाटीसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "वा, काय लाल आहे!"

वीणाताई त्यांच्याशी भांडल्यासुद्धा नाहीत, तेव्हा मुरलीधररावांना काळजी वाटली. गणपती चार दिवसांवर आलेले. दुकानातून लाल गुलाब आणता आले असते, पण इतक्या वर्षांत देवाला घरचं फूल चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मुरलीधरराव उशिरा घरी आले. "मधुमतीकडे गेलो होतो. शेडचं दार अडकत होतं तिच्या." मग खुर्ची ओढून बसले. "वीणा, तिच्याकडे लाल फुललाय. आपला होता तस्साच."

"थट्टा पुरे हं."

"थट्टा नाही करत. ते किरटं रोप दिलं होतंस ना, तेच. माग जाऊन एखादं फूल. देईल की ती."

वीणाताईंनी टेबलावरचा चुरा गोळा केला. मग म्हणाल्या, "बघू."

मुरलीधररावांनी चष्मा काढून बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द त्यांनी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

बघता बघता चतुर्थीचा आदला दिवस उजाडला. वीणाताई बसने मधुमतीकडे गेल्या. मागच्या अंगणात, मोहनच्या जुन्या बाकाशेजारी, एका मोठ्या कुंडीत तो उभा होता. गर्द, भरगच्च, तळहाताएवढा. कुंडीत ती दह्याची डबीही अजून खोचलेली होती.

"गणपतीला हवंय ना?" मधुमतीनेच विचारलं. "कात्री आणते. पण वीणा, माझ्या घरचं चालेल का तुला?"

"असं काय बोलतेस गं!"

"मग कसं बोलू? त्या दिवशी दारात उभी होते मी. आत सगळ्या ओळखीच्या. मला डाळीचा वास येत होता."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल..."

"कधी विचारलंस, वाटतं का म्हणून?" मधुमती आवाज न चढवता म्हणाली. "मोहन गेला, वीणा. मी नाही गेले."

 वीणाताई बाकावर बसल्या आणि रडल्या, शेडमध्ये कंदासाठी रडल्या होत्या त्याहून जास्त. मधुमती आतून कात्री घेऊन आली.

"कापू नकोस," शेवटी नाक पुसत वीणाताई म्हणाल्या. "उद्या तूच घेऊन ये. तूच वाहा."

"आणि तुझ्या त्या सगळ्या बायका काय म्हणतील?"

"काय म्हणायची टाप आहे त्यांची? एकीचाही लाल आलेला नाही."

मधुमतीला नाइलाजाने हसू आलं.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे पिवळे, भगवे, शिंतोड्यांचे, फिकट जांभळे असे सगळे डेलिया जमले. मधुमती आली, सगळ्यांच्या देखत पुढे झाली आणि तिने लाल फूल मूर्तीच्या पायाशी ठेवलं. आरती झाली, प्रसाद झाला. निघताना वीणाताई रिवाजाप्रमाणे एकेकीला कुंकू लावत दाराशी उभ्या होत्या. मधुमती समोर आली आणि त्यांचा हात करंड्यातच अडला. लाज वाटली म्हणून, दुसरं काही नाही.

मधुमतीने कपाळ पुढे केलं. "लाव की. पण लहान लाव हं, मला बसने जायचंय."

व्हायचं तेच झालं. वीणाताईंनी घाईने बोट टेकवलं, आणि कुंकू लागलं चांगलं मोठं, आणि वाकडंही. मधुमतीने पॅसेजमधल्या आरशात वळून पाहिलं.

"हाच हात घेऊन लॅबमध्ये काम करत होतीस का गं?" ती म्हणाली, आणि ते न पुसता बस स्टॉपकडे निघाली.