घोंगडीखालचा उजेड

दौंडच्या पेठेत त्या काळी बॅटरी विकत घ्यायची एक रीत होती. दुकानदार खुंटीवरची काळी घोंगडी काढून गिऱ्हाइकाच्या हातात देई. गिऱ्हाईक उकिडवं बसे, घोंगडी डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत ओढून घेई आणि आत खटका दाबी. थोड्या वेळाने डोकं बाहेर आलं की सौदा ठरे किंवा मोडे.

हातातल्या विजेरीला आमच्याकडे बॅटरीच म्हणत. दौंडला रेल्वेची माणसं राहत, त्यामुळे तिथे ती चांगली मिळे. पण खेड्यातून आलेल्या माणसाला अंधार पडेपर्यंत थांबता येत नसे. परतीची गाडी असे, पुढे भीमेवरची होडी असे, आणि दिवेलागणीनंतर होडीवाला कुणासाठी थांबत नसे. म्हणून लागेल तेवढा अंधार दुकानातच करून घ्यावा लागे.

आमची शेती वडगाव रासाईला, नदीकाठी. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. वीज आली नव्हती. काठावर काही शेतकऱ्यांनी भागीत तेलाचं इंजिन बसवलं होतं, त्यावर सगळ्यांचे मळे भिजत. इंजिनाच्या राखणीला एक प्रौढ गृहस्थ होते. शिरूरच्या मिशनच्या बंगल्यावर त्यांनी बरीच वर्षं फाटक सांभाळलं होतं. सगळे त्यांना मामा म्हणत. इंजिनाशेजारच्या खोपटात ते आणि मामी राहत. दुसरं घर त्यांना नव्हतं.

त्या हिवाळ्यात इंजिनाचा पट्टा दोनदा चोरीला गेला. जाड चामड्याचा पट्टा. पायताणांच्या तळव्यांना तो चांगला लागे. पट्टा नाही तर पाणी नाही, आणि गहू तर ओंबीवर आलेला. दोन्ही वेळी मळ्यातली कुत्री भुंकली नव्हती. भागीदारांनी त्यावरून एक अर्थ काढला आणि इंजिनापाशी बैठक बसवली.

"मामा, कुत्री वळखीच्याला भुंकत न्हाईत," एक जण म्हणाला. त्याचा मळा इंजिनाला लागूनच होता.

"पाण्यात कायतरी ढवळल्यावानी आवाज आला व्हता," मामा म्हणाले. "कंदील घिऊन गेलो. कंदिलात माझंच पाय दिसत्यात."

"मासा असंल."

"मासा पट्टा नेतो व्हय रं?" दुसऱ्याने विचारलं. दोघेतिघे हसले. मामा हसले नाहीत.

ठरलं ते असं: मामांना बॅटरी घेऊन द्यायची. त्यानंतरही पट्टा गेला, तर मामांनी खोपट रिकामं करायचं. मामी दारात उभी राहून ऐकत होती. खोपटाची जमीन ती दर आठवड्याला शेणाने सारवत असे. त्या दिवसापासून तिने सारवण थांबवलं. जमिनीला भेगा पडू लागल्या.

बॅटरी आणायला माझे चुलते, मामा आणि मी असे तिघे गेलो. चुलत्यांना सगळे आप्पा म्हणत. मी मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात घरी होतो. दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक आखूड, पसरट तोंडाची. दुसरी लांब, हाताएवढी. तिच्या काचेमागची चकचकीत वाटी खोल होती. आधी आप्पा घोंगडीखाली गेले, मग मामा, शेवटी मी.

लांब बॅटरीने घोंगडीवर पैशाएवढा पांढरा ठिपका पडला. बाकी सगळा अंधारच राहिला. आखूड बॅटरीचा खटका दाबला आणि सगळी घोंगडी उजळली. विणीतला धागा धागा दिसू लागला. लोकरीचा प्रत्येक केस वेगळा उभा होता. माझा तळहात मी जन्मभर पाहत आलो होतो, पण त्यावर इतक्या रेषा आहेत हे मला ठाऊक नव्हतं. घरी आम्ही दिव्याच्या उजेडात वस्तू ओळखत असू. हा उजेड वस्तू दाखवत होता. बाहेर दुपारचं ऊन होतं, ते मला काही क्षण फिकं वाटलं.

"नाताळला देवळात बसल्यावानी वाटलं," मामा म्हणाले.

"मग हीच," आप्पा म्हणाले.

"पाटील, ती लांबडी म्हणजे नुसता दांडका," दुकानदाराने दुजोरा दिला. "कुत्रं हाणायला बरी."

आम्ही आखूड बॅटरी घेतली. होडीत मामांनी ती उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरली होती.

अंधार पडल्यावर भागीदार काठावर जमले. मामांनी पलीकडच्या काठावर रोख धरून खटका दाबला. उजेड हातभर रुंद निघाला, पुढे आणखी रुंद झाला, आणि पाण्यावरच्या धुक्यात पिठासारखा विरून गेला. निम्मी नदीसुद्धा दिसली नाही. पलीकडे तोच अंधार होता. मामांनी पुन्हा खटका दाबला, पुन्हा तेच. घोंगडीखाली उजेडाला जायला जागाच नव्हती, म्हणून तो भरलेला दिसला होता, हे तेव्हा आम्हां तिघांच्या एकदम लक्षात आलं. दौंडला असे किती जण फसले असतील, कोण जाणे.

"आता बॅटरी बी दिली," लागूनच्या मळ्याचा मालक म्हणाला. पुढचं तो बोलला नाही. मामीने खोपटाचं दार आतून ओढून घेतलं.

पुढच्या बाजारापर्यंत मामा इंजिनाला पाठ टेकून बसत. झोपताना पट्टा पायाला बांधून घेत. बाजाराच्या दिवशी आम्ही परत दौंडला गेलो. मामांनी बॅटरी फळीवर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. दुकानदार ऐकत राहिला. मग त्याने खुंटीवरच्या घोंगडीकडे पाहिलं.

"घोंगडी माझीच, खोट बी माझीच," तो म्हणाला आणि लांब बॅटरी मामांच्या हातात दिली. "ही उजेड पाडत न्हाई, मामा. ही उजेड फेकती. तिकडं फेकून बघा. न्हाईच जमलं तर कुत्रं हाय."

त्या संध्याकाळी काठावर भागीदार पुन्हा आले, पण मागच्यापेक्षा कमी. मामांनी बॅटरी छातीशी धरली आणि खटका दाबला.

झोत निघाला तो सरळ गेला. पाण्यावरून ताणलेल्या दोरासारखा. धुकं त्याच्या आजूबाजूला राहिलं, त्याने मात्र वाट सोडली नाही. पलीकडच्या काठावर उजेडाचं एक रिंगण पडलं आणि त्या रिंगणात डोळे पेटले. हिरवे, जोडीजोडीने, जमिनीलगत. मामांनी हात किंचित हलवला, तसे शेजारचे पेटले आणि आधीचे विझले. काठभर नुसते डोळे होते. मी जन्मापासून त्या काठासमोर राहत होतो. अंधार पडला की पलीकडे काही नसतंच, असं मी न बोलता धरून चाललो होतो. तिथे एवढं सगळं जागं होतं.

"कोण हाय रं तिकडं?" पलीकडून हाक आली. पाण्यावरून ती कानाशी आल्यासारखी स्पष्ट आली. रिंगणात खांद्यावर घोंगडी घेतलेला धनगर उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरला. डोळे त्याच्या मेंढरांचे होते.

"वडगावचे हाव," आप्पा ओरडले. "बॅटरी बघतोय."

"मग माझी म्हातारी झोपू द्या की. ती समजली दिवस उगवला."

अलीकडे हशा पिकला. मामांनी त्याच्या तोंडावरून झोत काढला आणि काठाने हळूहळू खाली नेला. बाभळींच्या झुडपात एकदम उलटा उजेड चमकला. तिकडूनही कुणी बॅटरी मारतंय असं वाटलं. मामांनी हात स्थिर केला. ती काहील होती: उसाचा रस आटवायची पसरट, गोल कढई, आतून घासून लख्ख झालेली, झुडपाला टेकवून उभी. पूर आला की माणसं काहिलीत बसून नदी ओलांडत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण नदीला पूर नव्हता.

"तिकडं गुऱ्हाळ कुठंय?" आप्पा हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "दादा, ती काहील कुणाची?"

धनगर झुडपाकडे चालत गेला. झोत त्याच्या पायांपुढे वाट दाखवत होता. इतक्या लांबून एक माणूस दुसऱ्याची वाट उजळतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"ठावं न्हाई," त्याची हाक आली. "बुडाला ओली हाय. आन् आत वल्हं हाय."

"गूळ ढवळायला असंल," अलीकडून कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही. कुत्री मळ्याच्या वाटेवर होती. पाण्याच्या बाजूला एकही नव्हतं. मामांनी खटका सोडला आणि नदी पुन्हा काळी झाली.

लागूनच्या मळ्याचा मालक बराच वेळ पायाने माती उकरत उभा होता. जाताना तो मामांपाशी थांबला.

"मामा, सेल संपलं की मला सांगा," तो म्हणाला. "भागीत न्हाई. मी आणतो."

काहील पलीकडच्या गावच्या पाटलाने ताब्यात घेतली. ती मागायला कुणी आलं नाही. तिथून पुढे दिवेलागणीला मामा एकदा पलीकडच्या काठावर झोत फिरवत. धनगराचा तळ तिथे होता तोवर त्याची हाक येई, मामा खटका दोनदा दाबून ओ देत.

काहील दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनाकडे गेलो तेव्हा खोपटाच्या दारात शेणाची पाटी होती. मामी आत भेगा लिंपत होती.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "जमीन ओली हाय."