पाटाचे घर

त्या प्रकरणातले मला आधी आठवतात ते डोळे नसलेले गणपती. हमरापूरच्या त्या कारखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा डोळ्यांची आखणी सुरू झाली नव्हती. पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, कौलांच्या फटींतून उतरणारे ऊन, त्यात तरंगणारी शाडूची धूळ. बोलणाऱ्याचा आवाजही तिथे मऊ होऊन येत होता. मी तपासाला गेले होते, पण झोपेत चालल्यासारखी चालत होते.

नव्वदच्या दशकात मी पेणला फौजदार होते. गावातल्या वाचनालयात शनिवारी दुपारी बायकांसाठी एक वर्ग चाले. पासबुक कसे वाचायचे, मुदत ठेव म्हणजे काय, पैसे गुंतवण्याआधी काय विचारायचे, एवढाच अभ्यासक्रम. ग्रंथपाल बाई तो फुकट घेत. पावसात मिठागरे पाण्याखाली जातात, म्हणून तिकडच्या बायका मोकळ्या असत. मूर्ती करणाऱ्या घरांतल्याही काहीजणी येत.

या वर्गात एक गृहस्थ पाहुणे म्हणून बोलायला आले. विषय होता, फसव्या योजना कशा ओळखाव्यात. उत्तम बोलले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले आणि त्यांच्या पिशवीतून सागाच्या झाडांची योजना निघाली. गागोद्याकडच्या माळावर लागवड, थोड्या वर्षांत दामदुप्पट. श्रावणात गृहस्थ नाहीसे झाले. मी माळावर जाऊन आले. गुडघाभर गवत होते आणि वारा होता. नाव खोटे, पत्ता खोटा.

फिर्याद द्यायला मिठागरावर काम करणारी एक बाई आली. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यातला तिचा वाटा तिने त्या सागात घातला होता. तिच्या मुलीला अलिबागला नर्सिंगला जागा मिळाली होती आणि फी गणपतीनंतर भरायची होती. नवऱ्याला अजून काही सांगितले नव्हते. ग्रंथपाल बाई तिच्या शेजारी मान खाली घालून बसल्या होत्या. वर्ग बंद करायचे त्यांनी ठरवलेच होते.

"पैसे देण्याआधी त्याला काही विचारलंत का?" मी म्हटले.

"विचारलं ना! बाईंनी शिकवलंय, विचारल्याबिगर द्यायचं नाय."

"काय विचारलं?"

"तुमचा गणपती कुठं बसतो, ते."

आमचे हवालदार हसले. बाई त्यांच्यावर उखडली. "हसताय काय, सायेब? ज्याच्याकडं गणपती बसतो त्याला घर हाय. घरवाला मानूस पळून कुठं जाईल?"

त्याचे उत्तर होते, 'यंदा हमरापूरला पाट दिलाय.' आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात नेऊन दिला की मूर्ती सांगून झाली. चतुर्थीच्या तोंडावर त्याच पाटावर गणपती घरी येतो. पाट दिला म्हणजे शब्द दिला. वर्गातल्या एकीच्या घरचाच तो कारखाना. तिने जाऊन पाहिले. पाट होता. मग सगळ्यांनी पैसे दिले. म्हणजे खात्री करून दिले, हे मला टिपून ठेवावेसे वाटले.

कारखान्यातल्या त्या बाईने मला तो पाट दाखवला. "मॅडम, अजून इथंच हाय. मूर्ती पन तयार होतेय. काय करू गो बाय, पाटावर बसवू का नको?"

"बसवा," मी म्हटले.

मी पाट उलटसुलट करून पाहिला. जुना शिसवी, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. एका कोपऱ्याला निरांजनाने भाजल्याचा काळा डाग. असा पाट बाजारात मिळत नाही. तो कोणाच्या तरी घरातून निघाला होता, आणि त्या घरात गणपती बसायचा होता.

हवालदार म्हणाले, "मॅडम, फरारी आरोपी पाट न्यायला येतोय होय?"

"तो नाही येणार. पाटाचं घर येईल."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी साध्या साडीत कारखान्यात जाऊन बसले. आता सगळ्या मूर्तींना डोळे आले होते, आणि जिकडे सरकावे तिकडे ते माझ्याकडेच बघत होते. लोक येत, आपापला पाट ओळखत, मूर्तीवर रुमाल टाकून नेत. दुपारी एक म्हातारी आली. तिने नाव सांगितले ते इथे कोणाच्या कानावर नव्हते. पण रांगेत शिरून ती थेट त्या भाजलेल्या कोपऱ्यापाशी थांबली.

"ह्यो माझा. पोरानं दिलाय. न्यायला आला नाय, म्हनून मीच आले रोह्याहून."

मी तिला बाजूला बसवले. मी कोण ते सांगितले. तिच्या मुलाने काय केले तेही सांगितले. अशा वेळी आडवळणाने बोलण्यात काही अर्थ नसतो.

"पैसे बायांचे घेतले?" तिने विचारले.

"बायांचेच."

तिने मूर्तीवर रुमाल टाकला. मग म्हणाली, "तर मग न्या त्याला. उद्या येईल. आरतीला नाय असं एक साल गेलं नाय. पन माझा पाट ठेवून घेऊ नका."

हवालदार जप्तीचे बोलत होते. मी पंचनामा केला आणि पाट ताबेपावतीवर तिलाच दिला. रोह्याच्या ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला आणि तिच्याबरोबर गाडीत बसले. गणपती तिच्या मांडीवर. कासू गाव मागे पडले तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी आणि भाताची खाचरे होती, आणि त्या पाण्यात आभाळ इतके स्थिर होते की गाडी आभाळावरून चालल्यासारखी वाटत होती. वळणावर ती एका हाताने मूर्ती धरी, तेव्हा दुसऱ्या बाजूने मी धरी.

सकाळी तो हार घेऊन आला. रोह्याचे दोन शिपाई साध्या कपड्यांत मागच्या दाराशी होते. मी आरतीला उभी राहिले, टाळ्याही वाजवल्या. प्रसाद घेताना त्याने आईला विचारले, "ह्या पाहुण्या कोण?"

"पेनहून आल्यात. तुलाच न्यायला."

तो पळाला नाही. चौकशीत मी एकच गोष्ट खोदून विचारली. घरचा पाट का दिलास? नवा विकत घेता आला असता.

"त्या बायका पाट उलटा करून बघतात, मॅडम. नवा चालला नसता."

त्याच्या पनवेलच्या भाड्याच्या खोलीतून बरीचशी रक्कम मिळाली, सगळी नाही. कोर्टाच्या हुकमाने ती मुदतीआधी परत झाली आणि अलिबागची फी भरली गेली.

वर्ग बंद झाला नाही. ग्रंथपाल बाईंनी मलाच बोलायला बोलावले. लोक भोळे असतात म्हणून फसतात, असे मी तोवर मानत होते. या प्रकरणाने ते पुसले. लोक पारख करतात, आपल्या ओळखीच्या खुणेने करतात. फसवणारा आधी ती खूण शिकून घेतो. शिकवणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी. वर्गात हेच सांगायचे ठरवून मी उभी राहिले, तोच मिठागरावरची बाई मागून म्हणाली,

"मॅडम, तुमचा गणपती कुठं बसतो?"

वर्ग खो खो हसला. मी सांगितले.

"आनि पाट कोनाच्या घरचा?"

"सासूबाईंचा."

"असं व्हय," ती म्हणाली. "मग आधी आम्ही त्यांना विचारून येतो. तवर तुम्ही बसा."

मी बसले.